शेजारचं पडीक परडं आणि न सापडणारा मालक

आमच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, अकरा गुंठ्यांचं परडं आहे. तिथे पूर्वी मातीचं घर होतं. कौलं कुणीतरी काढून नेली, एका पावसाळ्यात भिंती बसल्या आणि जोतं तेवढं उरलं. मग वीस-पंचवीस वर्षं नुसतं रान. करवंदीच्या जाळ्या, रानडुकरांचा वावर, आणि मार्च उजाडला की वणव्याची धास्ती. आमची चार कलमं एका वर्षी त्या वणव्यात होरपळली तेव्हा ठरवलं, हा तुकडा विकत घेऊन टाकायचा. वाडीत चौकशी केली तर जो तो एकच सांगायचा, "त्येंचा काय पत्ता नाय."

जमीन आमच्या नावावर व्हायला चार वर्षं लागली. मधल्या काळात कळलं ते एवढंच की मालक हरवलेला नव्हता. मालक तेवीस होते. "मालक सापडत नाही" म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं: सातबाऱ्यावरचा माणूस कधीच वारलेला, आणि त्याचे वारस मुंबईपासून बडोद्यापर्यंत पांगलेले. त्यातल्या निम्म्यांना गावी आपली जमीन आहे हेही ठाऊक नसतं. तेव्हा एका माणसाच्या शोधात निघू नका, एक अख्खं कुटुंब पुन्हा जुळवायचं आहे अशा तयारीने निघा. खालचं सगळं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या अनुभवावरून लिहिलंय. घाटावर कागद तेच लागतात, माणसं शोधायच्या जागा थोड्या बदलतात.

आधी गडगा सरकवू नका

पहिला मोह हाच होतो. कोणी विचारायला नाही, मग थोडी साफसफाई करू, चार काजू लावू, गडगा दोन हात पुढे घेऊ. गावातला एखादा जाणकार सांगतोही, "बारा वर्षं वहिवाट केलीस की तुझीच झाली." त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं.

1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे खाजगी मालकाला आपला ताबा परत मागायला बारा वर्षांची मुदत असते. दुसऱ्याने मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि सलग बारा वर्षं ताबा ठेवला तर मूळ मालकाचा हक्क संपू शकतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की असा ताबा असलेला माणूस स्वतः दावा लावूनही मालकी मागू शकतो. पण हे सिद्ध करायचं ओझं सगळं तुमच्यावर. ताबा कोणत्या तारखेला सुरू झाला, मालकाला तो कळण्यासारखा होता का, मध्ये खंड पडला का, सगळ्याला पुरावा लागतो. वर्षातून एकदा गवत कापणं, आंबे उतरवणं याला कोर्ट ताबा म्हणेल या भरवशावर राहू नका. घरपट्टी किंवा शेतसारा तुम्ही भरलात म्हणूनही मालकी येत नाही. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करताना, शेजारच्या गटावर आपलं पीक लावणं हा तर सरळ खोटेपणा झाला.

माझा आक्षेप कायद्यापेक्षा व्यवहाराचा आहे. मुंबईतल्या चाकरमान्याला गावच्या जमिनीबाबत दोनच भीती असतात, कूळ लागेल आणि वहिवाट लागेल. कूळकायद्यात आजोबांची जमीन गेल्याच्या गोष्टी त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. तुम्ही गडगा सरकवलाय हे त्याच्या कानावर गेलं की तो फोन उचलत नाही. गावच्या गोष्टी मुंबईत पोचायला आता एक दिवसही लागत नाही.

आम्ही उलटं केलं. जो पहिला वारस सापडला त्याच्याकडून लेखी घेतलं, की वणव्यापासून बचावासाठी शेजाऱ्याने उन्हाळ्यापूर्वी रान साफ करायला आमची परवानगी आहे, जमिनीवर त्याचा कोणताही हक्क नाही. परवानगीने असलेला वावर कितीही वर्षं चालला तरी मालकीत बदलत नाही. म्हणजे हा कागद आमच्या विरोधातला. पण तो आम्ही होऊन मागून घेतला म्हणूनच पुढची बोलणी सुरू झाली.

सातबारा नीट वाचा

गट नंबर किंवा सर्व्हे-हिस्सा नंबर माहीत नसेल तर आधी आपल्या सातबाऱ्यावरून आणि भूनकाशावरून शेजारचा नंबर काढा. मग त्याचा डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, महाभूमीच्या संकेतस्थळावरून घ्या. प्रत्येकी पंधरा रुपयांचं काम. जमीन गावठाणात किंवा सिटी सर्व्हेत असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे असेसमेंटचा उतारा, काढाच, पण तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झालेली असेल तर त्यातली सनद कुणाच्या नावावर निघाली तेही पाहा.

कोकणात एक गुंता हमखास निघतो: घर एकाचं आणि घराखालची जमीन दुसऱ्याची. खोती, म्हणजे सारावसुलीची जुनी वतनदारी, 1949 च्या कायद्याने गेली, पण तिच्या खुणा जुन्या नोंदींत सापडतात. घरपट्टीवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नसेल तर तुम्हाला दोन कुटुंबं शोधायची आहेत हे तिथेच ओळखा.

सातबाऱ्यावर या गोष्टी बघा:

- नावापुढे "ए.कु.मॅ." आहे का. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं, हक्क भावाभावांचा. सगळ्यात जास्त फसगत इथे होते.
- "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नोंद 1960 सालची असेल तर तो अज्ञान मुलगा आज आजोबा झालेला असतो.
- भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2. वर्ग 2 असेल तर बहुधा परवानगीशिवाय विक्री नाही.
- इतर हक्कात कूळ, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, "तुकडा" (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान जमीन), किंवा वनसंज्ञेची, म्हणजे जमीन वन असल्याची, नोंद. कोकणात झाडोऱ्याच्या पडीक जमिनींवर 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद असू शकते. ती दिसली तर वकिलाकडे गेल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका.

सातबाऱ्यावर नावांच्या खाली फेरफारांचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, नंबर असतात. त्यातला प्रत्येक फेरफार काढून वाचायचा. हे कंटाळवाणं काम या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. जुने फेरफार, आकारफोड वगैरे काही जिल्ह्यांत स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात. नाहीतर तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. आमच्याकडे 1950 च्या दशकातला एक फेरफार मोडीच्या वळणाच्या हातात लिहिलेला निघाला. त्यात मयताच्या दोन मुलांची नावं होती, आणि शेवटी एका ओळीत "मुलगी हिचे लग्न झाले असून हिस्सा मागत नाही" असा जबाब. तिच्या सहीचा पत्ता नाही. त्या ओळीकडे पुन्हा येऊ.

याच वेळी दुय्यम निबंधकाकडे त्या गटावर नोंदलेले दस्त शोधून घ्या. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. कुणी आधीच साठेखत (विक्रीचा करार) करून विसार घेऊन बसलाय का, ते इथे कळतं.

माणसं कुठे सापडतात

कागदावर नावं मिळतात, पत्ते नाही. 2025 मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम राबवली गेली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी. तुमच्या शेजारच्या गटावर त्यात काही हालचाल झाली का, हे ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तलाठ्याला, आधी विचारा. वारसाचा अर्ज आलेला असेल तर त्यात एखादा जिवंत माणूस असतोच.

त्यानंतरचं काम गावाचं. गणपती आणि शिमगा हे दोन मुहूर्त चुकवू नका. त्या दहा दिवसांत जेवढी माहिती मिळते तेवढी वर्षभराच्या पत्रव्यवहारात मिळत नाही. पालखी कुणाच्या अंगणात थांबायची, मान कुणाचा होता, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. "ते घर आता बंद आहे, पण नारळ अजून त्यांच्या नावाने ठेवतात" असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायचा: नारळाचे पैसे कोण पाठवतं? गावच्या मुंबईतल्या मंडळाकडे वर्गणीच्या जुन्या वह्या असतात. गिरणगावात गावोगावची मंडळं एका खोलीत चालायची, आणि त्या खोल्यांचे आजचे वारसदार डोंबिवली-विरारला असले तरी वही कुणाकडे तरी राहिलेली असते.

घाटावर, विशेषतः कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात, हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणारे लोक, येतात. पिढ्यांची नावं त्यांच्या वह्यांत असतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळीतही कुटुंबातलं कोण कधी येऊन गेलं याची नोंद मिळू शकते. शाळेचं जनरल रजिस्टर, मतदार यादी, सोसायटीचं सभासद रजिस्टर, हेही पाहून घ्या.

आम्हाला खरा धागा दिला तो शेजारच्या गावातल्या एका आजींनी. फेरफारात "हिस्सा मागत नाही" म्हणून जिला मिटवलं होतं तिचीच ही मुलगी. ज्या बाईचं नाव कागदावर आलं नाही तिच्या घरात अख्ख्या माहेराचे फोन नंबर होते. भाऊ-भाऊ बोलत नव्हते, पण दोघेही राखीपौर्णिमेला आत्येबहिणीला फोन करत होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, माहेरवाशिणींपासून सुरुवात करा.

सगळं करून काही शिरा तुटलेल्याच राहतात. तेव्हा वकिलामार्फत जाहीर नोटीस द्यायची, एक स्थानिक दैनिकात आणि एक वारस ज्या शहरात असण्याची शक्यता आहे तिथल्या दैनिकात. हरकतीसाठी साधारण चौदा दिवस देतात. जाहीर नोटिशीने मालकी सिद्ध होत नाही. पण तुम्ही प्रामाणिकपणे चौकशी केली होती, हे पुढे कधी दाखवावं लागलं तर ती उपयोगी पडते.

वंशावळ मांडा, मुलींसकट

एक मोठा कागद घ्या. सातबाऱ्यावरच्या मूळ पुरुषापासून खाली उतरत या. प्रत्येकापुढे मृत्यूचं साल, जोडीदार, मुलं, मुली. पुढचा हक्क मृत्यूच्या सालावर ठरतो, म्हणून साल टाळू नका.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारलेल्या माणसाच्या मुली आणि विधवा वारस आहेतच. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला, आणि वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. "बहिणींचं आम्ही बघून घेऊ" असं कुणी भाऊ म्हणाला तर त्याला चहा पाजा, पण विसार देऊ नका. बहिणीने हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. जुना जबाब, कोऱ्या कागदावरची सही, तोंडी कबुली, यातलं काही चालत नाही.

हक्कसोडपत्र हा वारसांमधला आपसातला दस्त आहे. मुद्रांक वाचवायला "शेजाऱ्याच्याच नावाने हक्कसोड करून टाकू" असं सुचवणारे दलाल भेटतात. तुम्ही वारस नाही. तुम्हाला खरेदीखतच लागेल.

मग वारसांनीच वारसनोंदीचा अर्ज करायचा. तुम्ही मृत्यूचे दाखले गोळा करायला, प्रतिज्ञापत्राचा मसुदा करायला, तलाठ्याकडे खेपा घालायला मदत करू शकता. बहुतेक वेळा तुम्हालाच ते करावं लागतं, कारण गरज तुमची. फेरफार नोंदला की संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीचे, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. एका कार्यालयात आमचा अर्ज आठ महिने पडून होता. कारण विचारलं तर एका दाखल्यावर "गणपत" आणि दुसऱ्यावर "गणू". तेव्हा नावांतले असे फरक आधीच प्रतिज्ञापत्रात लिहून टाका.

एखादा वारस सापडतच नाही

तेवीसमधले एकवीस आले, दोघांचा ठावठिकाणा नाही. आता काय?

सात वर्षं ज्याची कसलीच खबर त्याच्या जवळच्या माणसांना नाही तो मयत असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. पूर्वी पुरावा कायद्यात आणि आता भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद आहे. पण "कुणालाच माहीत नाही" हे घरच्यांनी कोर्टात सांगायला हवं. तलाठी आपल्या अखत्यारीत असं गृहीत धरत नाही. दुसरा मार्ग वाटपाच्या दाव्याचा. वारसांपैकी कुणी दावा लावतो, न सापडणाऱ्याला वर्तमानपत्रातून पर्यायी बजावणी होते, आणि कोर्ट ज्याचा त्याचा हिस्सा ठरवतं. त्याचा हिस्सा त्याच्या नावे बाजूला राहतो, बाकीचे आपापला विकू शकतात. पण मुळात जमीन लहान असेल तर वाटपाने तुकडे होतात आणि तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई करणारा कायदा, आड येते.

तिसरा मार्ग म्हणजे सापडलेल्यांचा अविभक्त हिस्सा तसाच विकत घेणं. शेतजमिनीत हे कधी कधी जमून जातं, तुम्ही त्या हिस्सेदाराच्या जागी येता आणि पुढे वाटप मागता. तरीही हिंदू वारसा कायद्यातले वर्ग 1 चे वारस, म्हणजे मुलं, मुली, विधवा असे जवळचे, एकत्र असतील तर बाहेरच्याला विकण्याआधी एकमेकांचा हिस्सा घेण्याचा त्यांचा पहिला हक्क असतो, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे. राहत्या घराच्या बाबतीत तर नादी लागू नका. एकत्र कुटुंबाच्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला घरात एकत्र ताबा मिळत नाही. तो वाटपाला गेला तर घरातले लोक 1893 च्या वाटप कायद्याखाली त्याचाच हिस्सा विकत घेऊ शकतात.

अज्ञान वारस असेल तर त्याच्या हिश्श्याला कोर्टाची परवानगी लागते का, ते वकिलाकडून लेखी घ्या. विनापरवानगी विकलेला हिस्सा तो सज्ञान झाल्यावर आव्हान देऊन सोडवू शकतो.

आणि खरोखरच वारस नसेल तर? जमीन शेजाऱ्याची होत नाही, सरकारकडे जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 34 प्रमाणे जिल्हाधिकारी ताबा घेऊन ती एकेका वर्षासाठी भाडेपट्ट्याने देऊ शकतात. तीन वर्षांत कुणी दावेदार आला नाही तर भोगवट्याचा हक्क लिलावात विकता येतो. असा प्रसंग आला तर लिलावात बोली लावणं हाच तुमचा मार्ग.

बोलणी

सगळ्यांना एकच भाव आणि तो सगळ्यांना माहीत, हे आमचं धोरण होतं. कुणाला गुपचूप जास्त दिलं की ते गणपतीत फुटतंच. भावाचा आधार म्हणून रेडीरेकनर (जमिनीच्या किमतीचं सरकारी दरपत्रक) आणि जवळपासच्या दोन-तीन नोंदलेल्या खरेदीखतांचे आकडे समोर ठेवले. हिश्श्यानुसार प्रत्येकाच्या खात्यात थेट पैसे. रोख टाळा, वीस हजार किंवा त्याहून जास्त रोखीने देणं-घेणं आयकर कायद्यालाच चालत नाही.

एकाच वारसाला सगळ्यांचं मुखत्यारपत्र द्यायला सांगण्याचा मोह होतो. सोय आहे, पण ते नोंदणीकृत हवं आणि देणारे जिवंत हवेत. देणारा वारला की असं मुखत्यारपत्र सहसा संपतं. परदेशातल्या वारसाने तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवलं तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचं. विक्रेता अनिवासी असेल तर करकपातीचा नियम वेगळा आहे, तो सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पैसे सोडू नका.

आणि मुखत्यारपत्र किंवा साठेखत म्हणजे मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच ते सांगितलंय, तरी गावात अजून "साठेखतावर घेतली" म्हणणारे आहेत.

दस्त, आणि शेजारी असण्याचा फायदा

शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असायला हवं. तुमचा स्वतःचा सातबारा त्यासाठी पुरतो. 2023 च्या अधिसूचनेने राज्याच्या ग्रामीण भागात प्रमाणभूत क्षेत्र जिरायताला वीस गुंठे आणि बागायताला दहा गुंठे ठरवलं. आमचे अकरा गुंठे जिरायत होते आणि "तुकडा" म्हणून नोंदलेले. अशा वेळी बाहेरचा गिऱ्हाईक अडतो. पण तुकडेबंदी कायद्याच्या कलम 7 प्रमाणे नोंदलेला तुकडा लगतच्या सर्व्हे नंबरच्या किंवा हिश्श्याच्या मालकाला विकता येतो. म्हणजे लगतचे खातेदार असणं हीच तुमची पात्रता. खरेदीखतात ते स्पष्ट लिहा, आपला सातबारा आणि दोन्ही हिस्से शेजारी दिसणारा नकाशा सोबत जोडा. या कायद्यात अलीकडे बदल आणि सवलती झाल्या आहेत, तेव्हा दस्ताच्या आधी त्या दिवशीचा नियम दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या.

नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. मुद्रांक करारातली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यातल्या जास्तीच्या रकमेवर लागतो. सगळ्या वारसांना एकाच दिवशी आणायचा हट्ट धरू नका. आम्ही तीन खरेदीखतं केली, मुंबईकरांचं मे महिन्यात, गावकऱ्यांचं आधी, आणि राहिलेलं वर्षभराने.

फेरफार मंजूर झाला की लगेच हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमि अभिलेखच्या तालुका कार्यालयात करा. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात, मोजणीच्या दिवशी त्यांना हजर ठेवा, आणि मोजणीच्या नकाशाची "क" प्रत हातात पडेपर्यंत गडगा घालू नका. आमच्याकडे जुना गडगा आमच्याच बाजूला दीड हात आत निघाला. म्हणजे जी जमीन विकत घ्यायला आम्ही चार वर्षं खपलो, तिच्यातली थोडी आमचीच होती.

एक कलम मात्र दस्तात त्यांच्या सांगण्यावरून घातलं. जोत्याच्या मागे फणसाखाली त्यांच्या मूळ पुरुषाचं ठिकाण आहे, एक दगड आणि त्यावर वर्षाकाठी एक नारळ. तिथवर जायची तीन फुटी वाट कायम खुली राहील, असं लिहून दिलं. विक्रेत्यांकडून अशी मागणी आली तर तोंडी "येत जा की" म्हणून सोडू नका. वाटेची लांबी-रुंदी मोजून नकाशात दाखवा, नाहीतर पुढच्या पिढीत त्याच वाटेवरून वाद होईल. आमच्याकडे गौरी-गणपतीला ते येतात, नारळ फोडतात, आणि अर्धा आमच्या पडवीत ठेवून जातात.